मौनाच्या आठवड्यातली ओवी

"मौन बसलं का गं तुझं, हेमे?"

मिरजेहून आत्तीचा फोन आला की पहिला प्रश्न हा. आवाज जाडाभरडा, जात्यातून एकदाच काढलेल्या भरडीसारखा. कळा देणाऱ्या बायकांवर आधी खेकसून आणि मग त्यांनाच गोंजारून झिजलेला.

"बसलं की. आजपासून."

"मग गप ऐक."

आणि ती म्हणायची,

नदीला आला लोंढा, बुडाली गं पायरी…

तिथंच तोडायची. पुढची ओळ नाही. फोन ठेवल्याचा खट आवाज, आणि माझ्या कानात ती अर्धी ओवी लोंबकळत राहिलेली.

आत्ती माझ्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही. मिरजेतल्या एका खासगी प्रसूतिगृहात तिचं सगळं आयुष्य गेलं. गावात तिला चौगुले सिस्टर म्हणत. कळ उठायला लागली की ती बाईच्या उशाशी बसून ओवीची पहिली ओळ म्हणायची. मग कळ भरायची, बाई ओरडायची, आत्ती गप्प. कळ ओसरली की दुसरी ओळ. "पुढं काय आहे ते ऐकायला तरी बाई तग धरते," असं तिचं शास्त्र होतं. डॉक्टर हसायचे, पण अवघडलेली बाई आली की म्हणायचे, "सिस्टर, जरा तुमचं दळण घाला."

माझी आई तिथल्याच कळांच्या खोलीत वारली, मी जन्मले तेव्हा. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या वडिलांना सांगायला आत्ती दार उघडून आली. पुढं ती मला सांगायची, "मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. दादानं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीला टेकला. वाईट बातमी तोंडानं बाहेर पडत नाही हेमे, आधी श्वासानं पडते. श्वास धरून ठेवता येतो असं माणसाला वाटतं. नाही धरता येत."

वडीलही फार दिवस राहिले नाहीत. मग ती आणि मी.

तिनं मला शिकवलं आणि मी मुंबईत देशाच्या मध्यवर्ती बँकेत लागले. बँकांची बँक ती. माझी खोली एका रात्रीच्या व्याजावर नजर ठेवणाऱ्यांची. बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे देतात, सकाळी परत घेतात. त्या एका रात्रीचा भाव काय असावा हे आमची बँक ठरवते, आणि त्या भावाच्या मागं गावोगावच्या ठेवी आणि कर्जांचे दर चालत येतात, पुढच्या बैलामागं तांडा यावा तसे.

दर जाहीर व्हायचा असला की त्याआधीचा आठवडा आम्हांला बंदी. दराबद्दल कुणाशी बोलायचं नाही. बाहेरच्यांशी नाही, घरच्यांशी नाही, उगाच मान हलवायची नाही. आत्तीनं त्याचं मौन करून टाकलं. मौन बसलं की ती पहिली ओळ द्यायची. दर जाहीर झाला की त्या संध्याकाळी फोन करून दुसरी. ती ओळ आली की माझ्या छातीवरचा दगड उतरायचा. कळ गेली.

*

त्या वर्षी पैशाला पूर आला.

कारखाने थंड होते, कर्ज कुणी मागत नव्हतं, आणि बाहेरून डॉलर येतच होते. बँकांच्या तिजोऱ्या तुंबल्या. मी मिरजेला गेले होते, आत्तीच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून. डावा डोळा तोवर गेलेला. पडद्याचा आजार. मधलं पुसलं जातं, कडा राहतात. उजव्यालाही तेच लागलं होतं, पण तो ठरल्या वेळी दिलेल्या इंजेक्शनावर तगून होता. डॉक्टरांनी आम्हां दोघींसमोर स्वच्छ सांगितलं होतं, "खंड पडला तर हाही जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही."

ते इंजेक्शन महागडं. आत्तीला पेन्शन नाही. निवृत्त होताना हातात आलेलं सगळं तिनं एका ठेवीत बांधलेलं, आणि त्या व्याजात तिचं इंजेक्शन, तिचं दूध-भाजी, तिचं जगणं.

मी किती वेळा म्हटलं, "मी देते." एकदा गुपचूप दवाखान्यात भरूनही आले. तिनं डॉक्टरांना ते परत करायला लावलं आणि मला फोनवर म्हणाली, "तुझ्या पगारातलं घेतलं, तर मी तुला वाढवलं ते व्याजानं दिल्यासारखं होईल. मी सावकार नाही बाई."

त्या दिवशी दवाखान्यातून रिक्षानं येताना, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधलेली आत्ती माझा हात धरून बसली होती. दिसत काही नव्हतं, म्हणून जिभेला जोर.

"पैशाचा पूर आलाय म्हणतात. मग त्या जास्तीच्या पैशाचं तुम्ही करता काय?"

"संध्याकाळी बँका आमच्याकडं आणून ठेवतात. सकाळी घेऊन जातात."

"म्हणजे पाळणाघर! सांभाळायचे किती घेता?"

"घेत नाही. आम्हीच त्यांना व्याज देतो."

"अगं बया! पाळणाघरवालीनंच आईला पैसे द्यायचे?" रिक्षावाला हसला. "तू हस की बाबा," ती त्याला म्हणाली, "माझी भाची अशा शहाण्यांत नोकरी करते. का देता गं?"

"पैसा कमी असतो तेव्हा बँका एकमेकींकडं मागत फिरतात. मग आम्ही थोडा सोडायचा, थोडा ओढायचा, की दर हवा तिथं राहतो. पण पूर आला की मागणारंच कुणी उरत नाही. ज्याच्या त्याच्याकडं आहे. मग ते फुकटातसुद्धा देतील, दर पार चिखलात जाईल. आम्ही म्हणतो, कुणी घेत नसेल तर आमच्याकडं ठेवा, आम्ही एवढं देऊ. मग त्याच्या खाली कोण उतरेल?"

"म्हणजे तुम्ही जमीन झालात."

"झालो. वर आमचा दुसरा एक दर असतो, पेपरात तोच मोठ्या अक्षरात येतो. पण पुरात त्याला कुणी विचारत नाही. तळाचा दर तोच खरा दर."

रिक्षा लक्ष्मी मार्केटच्या वळणावर कलली. आत्तीनं माझा हात घट्ट धरला आणि वळण संपल्यावर म्हणाली,

"आणि ती जमीनच तुम्ही खाली सरकवलीत, तर वर उभी असलेली माणसं काय धरतात?"

 

*

पावसाळ्याच्या तोंडाशी मौन बसलं. आत्तीनं पायरी बुडाल्याची ओळ दिली आणि फोन ठेवला.

आमच्या खोलीत पागनीस साहेब मुख्य. बारीक, वाकलेले, शर्टाच्या खिशात सुपारीची डबी. त्यांनी मला बोलावलं आणि एक टिपण करायला सांगितलं. वरचा दर आहे तिथंच राहणार होता. फक्त तळाचा खाली न्यायचा होता, आणि चांगला खाली.

"कारण लिहा," ते म्हणाले, "की बँका आळसावल्यात. पैसा आपल्याकडं आणून टाकतात आणि निवांत झोपतात. इथं कमी मिळायला लागलं की बाहेर पडतील, कर्ज देतील."

"देतील, साहेब?"

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "चौगुले, पुराच्या पाण्याला पाट दाखवता येतो. ते पाटानं जाईलच असं कोण सांगणार?"

"ठेवीदारांचे दर मात्र पडतील."

"ते पडतीलच. त्यांना पडायला पाट लागत नाही."

मी टिपण लिहिलं. आकडे बरोबर होते. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी उठताना साहेब म्हणाले, "तुमचं कुणी आहे का, ठेवीवर जगणारं?"

"आहे."

"माझे सासरे आहेत. रोज जेवताना विचारतात, काय रे, काय होणार? मी त्यांना हवामान सांगतो." ते हसले नाहीत. "हवामान सांगत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मौनाच्या आठवड्यात आत्ती एकदाच फोन करायची, ओळ द्यायला. पुन्हा कधीच नाही.

"हेमे, कामात आहेस?"

"बोल की."

"ठेवीची मुदत संपली बघ. शाखेतला मॅनेजर म्हणतो, म्हाताऱ्यांसाठी एक योजना आहे, पाच वर्षं बांधून टाका, दर बरा आहे, पण शनिवारनंतरचं सांगता येत नाही. आणि शेजारचे कोष्टी मास्तर म्हणतात, घाई करू नका सिस्टर, आता दर चढणार, महागाई बघा कशी चढलीय. पाच वर्षं म्हणजे माझा डोळा धरून सगळं आलं त्यात." ती थांबली. "बांधू का थांबू?"

पागनीस साहेब समोरच्या टेबलावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आत्ती, माझं मौन आहे."

"माहीत आहे मला. तू बोलू नकोस. मी नुसती विचारते."

मग ती काहीच बोलली नाही. मीही नाही. तिच्या मागं मिरजेतली दुपार ऐकू येत होती, कुणाच्या तरी अंगणात हंडा घासल्याचा आवाज, एक कावळा. तिचा श्वास ऐकू येत होता. आणि मला एकदम लहानपणापासून ऐकलेलं तिचं वाक्य आठवलं, की वाईट बातमी आधी श्वासानं बाहेर पडते. मी डावा तळवा तोंडावर दाबला, नाकासकट. टेबलाच्या कडेवर डोळे लावून तशीच बसले. छाती फुटेल असं वाटलं, पण आवाज म्हणून येऊ दिला नाही.

"बरं," आत्ती म्हणाली. "जेव वेळेवर." आणि फोन ठेवला.

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. 

मला वाटलं होतं, मॅनेजर इतकं सांगतोय तर ती बांधून टाकील. शहाणी बाई आहे. दिवसभर मी स्वतःला तेच सांगत राहिले, लहान मुलाला थोपटावं तसं.

*

दर जाहीर झाला. तळ खाली गेला. त्या आठवड्यातच बँकांनी ठेवींचे दर उतरवले, एकीमागून एक, जशा शेळ्या उतार उतरतात.

आणि कर्ज? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर आकडा आला. बँकांनी आमच्याकडं ठेवलेला पैसा आदल्या दिवसाइतकाच होता. काकणभर जास्तच. कमी व्याज तर कमी, पण बाहेर देण्याची भीती त्याहून मोठी. पाणी पाटात शिरलंच नाही. होतं तिथंच थांबलं, फक्त एक पायरी खाली.

पागनीस साहेब पडद्यासमोर बराच वेळ उभे होते. "लिहा," ते शेवटी म्हणाले. "अपेक्षेप्रमाणे."

दर जाहीर झाला त्याच संध्याकाळी मी आत्तीच्या फोनची वाट पाहिली होती. दुसऱ्या ओळीची. फोन आला.

"पाऊस लागलाय गं इकडं," ती म्हणाली. "कृष्णेला पाणी चढतंय. घाटावर जाऊ देत नाहीत."

"आत्ती, ठेव बांधलीस ना?"

"झालं ते सगळं. तू जेवलीस?"

"दुसरी ओळ राहिली की तुझी."

"आठवेना बघ," ती म्हणाली. "वय झालं."

ओवी कधी विसरताना मी तिला पाहिलं नव्हतं. पण खोलीत काम तुंबलं होतं, आणि तिनं झालं म्हटलं होतं. माणसाला जे ऐकायचं असतं ते त्याला लगेच पटतं.

नंतर प्रत्येक फोनला मी विचारायचे, "इंजेक्शन?" ती म्हणायची, "डोळ्याचं मी बघते, तू तुझं बघ." पुढच्या मौनांना ओळी आल्याच नाहीत. मी म्हटलं, थकली असेल. दिवाळीला येते म्हटलं तर म्हणाली, गर्दीत कशाला हाल करून घेतेस. संक्रांतीला मी न सांगता गेले.

दार उघडंच होतं. ती चौकटीत आली, पदर सारखा केला आणि माझ्या उजव्या खांद्याच्या थोडं पलीकडं बघत म्हणाली, "कोण?"

"मी, आत्ती."

"हेमे!" तिचा चेहरा फुलला. पण नजर होती तिथंच, माझ्या शेजारी. कडेनं मला शोधत होती. मधे मी नव्हतेच.

 तिनं चहा टाकला. भांडी हातानं चाचपून. कपात चहा ओतताना तिनं कपाच्या आत बोट धरलं, आणि चहा बोटाला लागला तसा हात थांबवला. बोट लाल झालं होतं. ते तिनं सराईतपणे कानाच्या पाळीला लावलं.

मी चप्पल घातली आणि डॉक्टरांकडं गेले. ते मला ओळखत होते. त्यांनी खुर्ची दिली, पण मी बसले नाही.

"त्या आल्याच नाहीत," ते म्हणाले. "पावसाळ्यानंतर एकदाही नाही. आमचा माणूस घरी पाठवला होता. म्हणाल्या, भाची मुंबईला नेते, तिकडं चालू आहे. मला वाटलं…" त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा ठेवला. "आता इंजेक्शन देऊन उपयोग नाही. उशीर झाला."

परत आले तेव्हा ती उंबऱ्यात उन्हाला बसली होती. सुपातले तीळ बोटांनी निवडत होती. खडे आणि तीळ आता तिला बोटांना कळत असावेत.

मी ओरडले. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या तरी ओरडले. "नर्स होतीस ना तू? तुला माहीत नव्हतं काय होणार ते?"

"माहीत होतं की."

"मग? पैशांसाठी? माझ्याकडं मागायला जीभ झडली असती का?"

"व्याजात बसेना," ती म्हणाली. "बसत होतं तोवर घेतलं."

"योजनेत बांधलं होतंस ना? त्यात बसत होतं!"

तिळांवरची तिची बोटं थांबली.

"बांधलं नव्हतंस?"

"पडून राहिले पैसे. मग बांधले, पुढं. तोवर दर गेला होता."

"का पडून राहिले? मॅनेजर सांगत होता, शनिवारपर्यंत. का नाही बांधलेस?"

"होतं असं. राहून जातं."

तिचं कधी काही राहून जात नसे, हे मला माहीत होतं. पण मला तेव्हा रागच हवा होता. राग धरायला सोपा असतो. "हट्ट!" मी म्हणाले. "सगळा तुझा हट्ट. जन्मभर मुद्दलाला हात लावायचा नाही, कुणाचं घ्यायचं नाही. मला तू आपली मानलीसच नाहीस. एवढी वाढवलीस, पण माझ्यावर तुझा विश्वासच नव्हता, आत्ती."

तिची मान झटक्यानं वर आली. ते पुसलेले डोळे माझ्या बाजूच्या हवेवर रोखलेले.

"विश्वास नव्हता?"

तिनं सूप खाली ठेवलं.  रस्त्यावरून तिळगूळ घ्या म्हणत पोरांचं टोळकं गेलं, त्यांचा आवाज विरेपर्यंत थांबली. मग हलक्या आवाजात, त्या कळांच्या खोलीतल्या आवाजात, म्हणाली,

नदीला आला लोंढा, बुडाली गं पायरी
हात दे गं माझे बाई, उभी मी काठावरी

"आठवत होती म्हणजे," मी म्हणाले. 

"त्याच संध्याकाळी आठवत होती. म्हटली असती तर तू धावत आली असतीस, विचारलं असतंस काय झालं. तुझ्याकडं पैसे मागितले असते तरी विचारलं असतंस, कमी का पडले. मग हे सांगावं लागलं असतं. म्हटलं डोळा जातोय तर जाऊ दे, हे सांगायला नको."

"काय सांगायला नको?"

तिनं हात पुढं केला. माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, आणि मग तळवा माझ्या तोंडावर ठेवला, हळूच, जिथं मी माझा ठेवला होता तिथं.

"त्या दुपारी मी तुझा श्वास ऐकत होते, हेमे. ठेव बुडायची असती, दर पडणार असता, तर माझ्या पोरीचा श्वास हलला असता. हललाच नाही गं. म्हणून मी थांबले."